नानांना दिसणारा दिवा

“लागलता. घाट उतरंपस्तोर लागलता,” राधाकिशन नाना म्हणाले आणि त्यांनी गाडीची चावी पुन्हा फिरवली.

स्टिअरिंगमागचे सगळे दिवे एकदम उजळले, आपल्या रीतीप्रमाणे एकेक करून विझले आणि काटे शहाण्या पोरांसारखे जागेवर बसले. अंगद खिडकीतून मान आत घालून बघत होता. त्याला काही वावगं दिसलं नाही. आजही नाही.

“कसा दिवा व्हता, नाना?”

“किती येळा सांगू बे? लाल. एक माणूस बसलाय अन् त्याच्या म्होरं गोळा हाय.”

छबुबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. “ऐकलंस का?” त्या अंगदला म्हणाल्या. “गाडीत माणूस दिसतो ह्यांना.”

नानांनी धाडकन दार लावलं आणि ते घरात निघून गेले.

नेकनुरात अशी गाडी दुसरी नव्हती. दोन दारांची, दोनच माणसांची, उसाच्या ट्रॉलीखालून निघून जाईल इतकी बुटकी. वीस वर्षांपूर्वी कापूस चांगला झाला तेव्हा सगळ्या गावाला वाटलं, नाना आता ट्रॅक्टर घेणार. नाना पुण्याच्या एका डॉक्टरची जुनी परदेशी लाल गाडी घेऊन आले. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं, आणि मग आपल्या पोराच्या वरातीसाठी तीच गाडी मागायला तेच लोक आले. नाना नवरदेवाला शेजारी बसवून स्वतः सोडत, पण चावी कुणाच्या हातात देत नसत. गाडीला लिंबू-मिरचीसुद्धा बांधू देत नसत, गबाळं दिसतं म्हणून.

अंगदचं दुकान स्टँडपाशी. जीपा, ट्रॅक्टर, पाण्याच्या मोटारी, जे येईल ते तो करी. पण हात साबणाने धुऊन मग हात लावायचा, अशी त्याच्याकडे ही एकच गाडी होती. या दिव्याने मात्र त्याला पार चक्रावून टाकलं होतं. त्याने फ्यूज बदलले, बॅटरीची टोकं घासली, स्टिअरिंगखालच्या वायरी तपासल्या. बीडहून तपासणीचं मशीन मागवलं, तर त्याची पिन या जुन्या गाडीला बसेना. नानांच्या शेजारी बसून तो किती वेळा घाट उतरला आणि चढला. दिवा लागला नाही.

बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर गोळा, म्हणजे एअरबॅगचा दिवा, हे त्याला ठाऊक होतं. तेव्हा नाना उगाच काही बोलत नव्हते. पण चावी फिरवली की तो दिवा इतर दिव्यांबरोबर क्षणभर लागतोच. तोच नानांच्या डोक्यात बसला असेल तर? एक दिवस अंगदला नानांचं खरं वाटे, दुसऱ्या दिवशी छबुबाईंचं. तिसऱ्या दिवशी आपल्यालाच काही येत नाही असं वाटे, आणि त्याची चिडचिड होई.

छबुबाईंनी सूप बाजूला ठेवलं. “अंगद, पोरगा येतोय रविवारी, रविराज. चावी घेऊन जाणार हाय. नसलेला माणूस ज्याला दिसतो त्यानं घाटात गाडी चालवायची का, म्हनतो.”

“मंग नाना?”

“गाडी गेल्यावर ह्यांचं काय ऱ्हाईल सांग. मागं संस्कृतीला, सख्ख्या नातीला, आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. ते मी झाकलं. पर दिव्याचं झाकता यीना, सगळ्या गावाला सांगत फिरत्यात.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “दिवा लागतो का न्हाई, येवढं तू रविराजला सांग. तुजं ऐकंल त्यो. खोटं मात्र सांगू नगंस. मलाबी भ्या वाटतं.”

अंगदने मान हलवली. काय सांगायचं हे त्याला कळत नव्हतं.

शुक्रवारी नाना स्वतःच दुकानावर आले. “बस,” म्हणाले. मांजरसुंबं मागे पडलं. मग घाट सुरू झाला. नाना वळणावळणाला वेग कमी करत, समोरून येणाऱ्या ट्रकला जागा देत. अंगद दिव्यांकडे टक लावून बसला होता. नानांचा हात त्याला कुठेच चुकलेला दिसला नाही. दिवाही दिसला नाही.

पायथ्याच्या चहाच्या हॉटेलपाशी नानांनी गाडी बाजूला घेतली.

“तुज्यादेखत लागतच न्हाई बे,” ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “छबू बसली तरी लागत न्हाई. रविराज बसला तरी न्हाई. मी येकटा असलो की लागतो. मंग सांग, कुनाचं डोकं फिरलंय?”

अंगदला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं, की ‘मला दिसला’ असं खोटंच सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण छबुबाईंनी नको म्हटलं होतं. त्याने पुन्हा दिव्यांकडे बघितलं.

नाना खाली उतरले. “गाडी वळवून आन. माजी मान फिरत न्हाई मागं. मी च्या सांगतो.”

वीस वर्षांत पहिल्यांदा अंगद त्या गाडीत एकटा बसला. जरा पुढे जाऊन त्याने गाडी वळवायला घेतली, तोच आडवी मेंढरं आली. त्याने कचकन ब्रेक दाबला. शेजारच्या रिकाम्या सीटखाली काहीतरी गडगडत आलं आणि ठक्कन थांबलं. समोर लाल दिवा लागला. बसलेला माणूस आणि गोळा.

अंगद बघतच राहिला. मग त्याने तशीच, इंजिन बंद न करता, गाडी हॉटेलसमोर आणली.

“नाना, या. लागलाय.”

नाना चहाचा कप घेऊनच आले. दिव्याकडे बघितलं आणि कप टपावर ठेवला. अंगद पालथा होऊन सीटखाली हात घालत होता. हाताला जे लागलं ते त्याने बाहेर ओढलं. लाल खणात गुंडाळलेला नारळ होता. कुंकू लावलेला, अजून ताजा.

“हा खण छबूचा,” नाना म्हणाले. “मी बांधू देत न्हाई म्हनून अवसंला गुपचूप घालती वाटतं आत.”

अंगदने सीट हाताने दाबून दाखवली. शेजारी माणूस बसलं की सीट खाली दबायची आणि नारळ जागच्या जागी अडकून राहायचा. सीट रिकामी असली, की उताराला किंवा ब्रेक लागला की तो पुढे घरंगळून एअरबॅगच्या पिवळ्या वायरीवर आदळायचा. जोड ढिला व्हायचा, दिवा लागायचा. पायथ्याला चहासाठी गाडी बंद करून पुन्हा चालू केली, की काही झालंच नाही.

“म्हंजी मी येडा न्हाई,” नाना म्हणाले.

“न्हाई, नाना.”

नानांनी तिथूनच घरी फोन लावला. “छबे, दिवा लागतो. तुज्याच नारळानं लागतो. अंगदनं बघितला.”

पलीकडून छबुबाईंचा आवाज आला. “चुकलंच माजं. मला वाटलं, ह्यो तुमाला सांभाळंल.” त्या रडत होत्या. “दिवा खरा हाय, ते लई बरं झालं. हळू या.”

अंगदने जोड नीट बसवून तारेने आवळला. नारळ नानांनी हॉटेलवाल्याला देऊन टाकला. घाट चढताना नाना खुशीत होते. रविराजला काय काय ऐकवायचं ते सांगत होते, मध्येच स्टिअरिंगवर थाप मारत होते. कित्येक महिन्यांनी ते असे बोलत होते, आणि अंगदलाही हलकं वाटत होतं. रविवारी काय सांगायचं ते आता ठरलं होतं.

मांजरसुंब्याच्या चौकात नानांनी गाडी थांबवली. मागच्या जीपवाल्याने हॉर्न वाजवला. नानांनी गाडी हलवली नाही.

“अंगद, कुनीकडं?”

अंगदला वाटलं, गंमत करतायत. “नेकनूर, नाना.”

“नेकनूर म्हायती हाय मला. कुनीकडं?”

समोर पाटी होती. भली मोठी. नाना पाटीकडेच बघत होते. दिव्यात काही नव्हतं, हातात काही चूक नव्हती, आणि तरीही त्यांना घरचा रस्ता सापडत नव्हता. रविवारी काय सांगायचं, हे त्याला पुन्हा कळेनासं झालं.

त्याने हाताने रस्ता दाखवला. नानांनी चौक ओलांडला, थोडं पुढे जाऊन गाडी बाजूला घेतली, बंद केली, आणि चावी काढून अंगदच्या मांडीवर ठेवली.

“उनानं डोळं चुरचुरायलेत,” ते म्हणाले. “तू घे.”

दोघांनी जागा बदलल्या. नानांनी आपल्या हाताने पट्टा लावला आणि टोपी सारखी केली.

नेकनुरात शिरताना स्टँडवरच्या लोकांनी सवयीने हात वर केले, आणि चालवणारा दुसराच बघून काही जण तसेच थबकले. नाना पुढे वाकले, सगळ्यांना दिसतील असे.

“त्यो पारावरचा कोन बे?” त्यांनी हळूच विचारलं.

“माऊली. गहिनीनाथचा.”

“राम राम, माऊली,” नाना मोठ्याने म्हणाले. माऊलीने हसून हात जोडले.

अंगदने गाडी आणखी हळू केली, आणि पुढच्या माणसाचं नाव त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं.