पाय लागलेला रोमन

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्याला डुलकी लागते, आणि मी आज लढाई सांगणार आहे. ढाली, तलवारी, रोमन शिपाई आणि त्यांच्यात आपला एक कुमार.

कुमार नागपूरचा. २००६ साली अमेरिकेतल्या कॅरी गावात कॉम्प्युटरवर पोट भरायचा आणि रविवारी रोमन व्हायचा. तिकडे हौशी मंडळी मैदानावर जुन्या लढाया हुबेहूब करून दाखवतात. तलवारी बोथट, तोंडावर वार नाही, आणि कुणाला खरंच काही झालं तर "होल्ड!" ओरडायचं, सगळे जागच्या जागी थांबतात.

पण कुमारची एक खोड. लढताना कुणाला पाय लागला की हा वाकायचा, त्याला हात लावून तो हात छातीशी न्यायचा. ढालींच्या भिंतीला भगदाड!

"रोमन शिपाई शत्रूच्या पाया पडत नाही," पथकाचा म्होरक्या वॉल्टर वैतागायचा. "मागच्याचा भाला मानेत बसेल. शोमध्ये वाकलास तर पहिली रांग विसर. पाणी वाट."

त्या रांगेसाठी कुमारनं चिलखताची एकेक कडी स्वतः ओवली होती. बायको सुमेधा चिडवायची, "अहो सेनापती, काल ओट्यापाशी माझ्या पायावर पाय दिलात, तेव्हा नाही वाकलात?"

"तू काय शत्रू आहेस?"

"तेच म्हणते. शत्रूचा मान जास्त!"

शोचा दिवस. जुलैचं ऊन. समोर शत्रूंमध्ये डेल, एरवी दातांचा डॉक्टर. मरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कण्हत असा कोसळला की लोकांनी टाळ्या पिटल्या. रोमन रांग त्याला ओलांडून निघाली, आणि कुमारचा पाय नेमका डेलच्या खांद्याला लागला.

नाही वाकायचं. कुमारनं दात आवळले, पुढे गेला. पण समोरच्यात देव आहे हे लहानपणी ज्या हाताला शिकवलं, तो हात ऐकतोय थोडाच! गेली पहिली रांग, म्हणत तो मागे फिरला आणि वाकला.

डेलची मान तव्यासारखी तापलेली. घामाचा टिपूस नाही. डोळे वर.

"होल्ड! होल्ड!"

"काय खरं वाटतंय!" प्रेक्षक खूश. वॉल्टर मात्र धावला. शिरस्त्राण निघालं, बर्फ आला, ॲम्ब्युलन्स आली.

संध्याकाळी हॉस्पिटलात डेलनं डोळे उघडले. "कसा मेलो?"

"गरजेपेक्षा जास्त खरा," वॉल्टर म्हणाला. "परत नको."

पुढच्या रविवारी नवा नियम आला. पडलेल्याला ओलांडणाऱ्यानं वाकून त्याला हात लावायचा, आणि शेजाऱ्यानं तेवढा वेळ त्याच्यावर ढाल धरायची.

"पण हे रोमन नाही," कुणीतरी कुरकुरलं.

वॉल्टर खाकरला. "आजपासून आहे. कुमार, पहिल्या रांगेत ये आणि दाखव यांना."

आता उठताना तुमचाही पाय कुणाला लागेल, हात आपसूक पुढे जाईल. कुमारला विसरलात तरी तो रागावणार नाही. पण भर उन्हात इतक्या मनापासून मेलेल्या त्या डेलची तेवढी आठवण काढा.