सकाळी काढलेली संध्याकाळ

"हे उजेडाचं काम तुमचं नाही, ताई," वीरधवल सर म्हणाले आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

साताऱ्यातल्या लघुपट स्पर्धेचे ते मुख्य परीक्षक. पाच हजारांच्या आत बनवलेल्या फिल्मांची ही स्पर्धा, आणि माझी फिल्म त्यांनी बाद ठरवली होती. कारण काय, तर ती फार चांगली दिसते, म्हणजे खर्च पाच हजारांच्या वर गेला असणार! वेडीवाकडी दिसली असती तर चालली असती. जाब विचारायला मी कवठेमहांकाळहून पहाटेची एसटी धरून आले होते. सोबत माझी सासू, चंपाबाई. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. फिल्ममधलं एकमेव काम त्यांचंच, पण "मला न्हाई बाई सायबाम्होरं बोलाय येत," म्हणून त्या बाहेर बाकावर बसून राहिल्या.

सरांनी लॅपटॉपवर शेवटचा प्रसंग लावला. अकरा वर्षं बहिणीशी अबोला धरलेली म्हातारी बेदाण्याच्या शेडशेजारी उभी राहून अखेर फोन लावते, आणि मावळतीचं ऊन तिच्या तोंडावर हळदीसारखं पसरलंय.

"असा उजेड इतका वेळ टिकतच नाही. लाइट भाड्यानं आणलेत, कॅमेरामन पुण्याचा असणार. खरं सांगा, कुणी करून दिली?"

कुणी करून दिली! तीन महिने भाकरी थापता थापता फोनवर व्हिडिओ बघून शिकले ती मी. शेडच्या हिरव्या जाळीखाली माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो, हे आठ दिवस वाया घालवून मला कळलं. मग आत्तींना जाळीबाहेर आणलं, कडक ऊन मऊ करायला वर सासऱ्यांचं जुनं धोतर ताणलं. फोन हलू नये म्हणून बेदाण्याच्या क्रेटच्या गाडीला बांधला आणि गाडी ताडपत्रीवरून ढकलली. आवाज घुमतोय म्हटल्यावर आत्तींना वाकळ पांघरून आत बोलायला लावलं. अष्टमीचा उपास होता त्यांचा. घामाघूम झाल्या, पण वाक्य सोडलं नाही. आणि हा माणूस मला पुण्याचा कॅमेरामन विचारतो!

"सर, ती संध्याकाळ नाहीच," मी म्हणाले. "सकाळ आहे."

आम्ही जैन. आत्ती दिवस मावळायच्या आत जेवतात. नेमका चांगला उजेड पडला की त्या चालू शॉटमधून उठून घराकडे निघायच्या. मी हातापाया पडले, तर म्हणाल्या, "उजेड काय रोजच येतोय. तुझ्या फिल्लमसाठी अंधारात जेवू व्हय?" दोन संध्याकाळी अशा गेल्यावर मला सुचलं, की उगवतीचं ऊनही तिरकंच असतं आणि तेव्हा आत्तींना जेवायची घाई नसते. एक प्रसंग, पण रोज तेवढा जरासाच उजेड मिळायचा, म्हणून एकोणीस सकाळी लागल्या.

मी फोन सरांपुढे धरला. एकेक क्लिप, खाली तारीख आणि वेळ. सकाळी सहा बावन्न. सहा पन्नास. सात वाजून दोन मिनिटं. सरांनी सगळ्या बघितल्या. चुकलो म्हणायला जीभ रेटली नाही. "घेतो स्पर्धेत," एवढंच म्हणाले, जसे काही उपकारच.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं.

"आमच्या संस्थेचा एक माहितीपट करायचाय. तुम्हीच करा की. तुम्हाला कुठं काय खर्च येतो!"

"खर्च येत नाही, कोण म्हणालं?" माझा आवाज चढला.

त्यांनी माझाच अर्ज माझ्याकडे फिरवला. खर्चाच्या रकान्यात अभिनय: शून्य. मदतनीस: शून्य. अक्षर माझंच. सरांनी त्याखाली दोन रेघाही मारल्या होत्या, कौतुकानं.

मदतनीस म्हणजे आमच्या शेडवर बेदाणा निवडणारी बयाबाई. कामाच्या वेळेआधी येऊन ती आत्तींच्या तोंडावर उजेड पाडायला थर्माकोलचा तक्ता डोक्यावर धरायची. तिचे हात थरथरले की मी ओरडायचे, "हलू नकोस गं!" एकोणीस सकाळी. बदल्यात चहा. त्या माणसावर मला किती राग आला होता, आणि तेच मी आधी करून बसले होते. स्वतःचीच लाज वाटली.

"पेन द्या," मी म्हणाले. दोन्ही शून्यं खोडली आणि शेडच्या दरानं आत्ती आणि बयाबाई दोघींची अर्ध्या दिवसाची हजेरी लिहिली, एकोणीस दिवसांची. बेरीज पाच हजारांच्या पार पुढे गेली.

"ताई, आता ही नियमानंच बाद होते."

"होऊ दे. पण कुणी करून दिली, ते नीट लिहा. दिग्दर्शन, छायांकन, सुंदरी भरतेश पाटील."

त्यांनी लिहिलं. मी वाचून घेतलं, मगच उठले.

बाहेर आत्ती वाटच बघत होत्या. "घेतली का गं फिल्लम?"

मी ताठ मानेनं सगळं सांगितलं. शून्य कसं खोडलं, मजुरी कशी लिहिली, बक्षिसावर कसं पाणी सोडलं. त्या शाबास म्हणतील असं वाटलं होतं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"कागदावर लिवलंस, ते बरं केलंस. आनी बयाच्या हातात कवा देनार हाईस?"