कडुबा सरांचा दुसरा फॉर्म

ऑनलाइन लिंकवर तीन आठवड्यांत अकराच उत्तरं आली, तेव्हा संशोधक परिषदेचा अध्यक्ष इंद्रजीत यानं छापील फॉर्म काढले आणि सदस्यांना विभाग वाटून दिले. परिषदेच्या कामावर विद्यापीठातले संशोधक समाधानी आहेत का, एवढंच विचारायचं होतं. रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्या संध्याच्या वाट्याला अर्थशास्त्र विभाग आला.

शनिवारी दुपारी तिथं कडुबा सर भेटले. पन्नाशीचे, सिल्लोडकडच्या एका शाळेत शिक्षक. सकाळची शाळा उरकून एसटीनं यायचे आणि मक्याच्या बाजारभावावर संशोधन करायचे. त्यांनी चष्मा पुसला, फॉर्म दोनदा वाचला आणि ‘पूर्ण समाधानी’वर खूण केली. अशी खूण पहिलीच होती.

“सर, खरंच?”

“व्हय. रविवारी ग्रंथालय उघडं ठेवा म्हणून गेल्या साली परिषदेकडं अर्ज दिला व्हता. तुम्हीच घेतला की, ताई. बसा म्हणलात, पाणी दिलं. बाकी ठिकाणी लई हेलपाटे मारले, कागदाला कुणी हात लावत नाय.”

संध्याला अर्ज आठवला. तिच्या कपाटातल्या फाइलीत तो तसाच पडून होता. सांगितलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं.

“सर, तो अर्ज पुढं गेलाच नाही. माझ्याकडंच राहिला.”

सरांनी खूण केलेला फॉर्म तिच्यापुढं सरकवला. मग म्हणाले, “मंग दुसरा फॉर्म द्या. खाडाखोड बरी दिसत नाय.”

त्यांनी ‘असमाधानी’वर खूण केली, फॉर्म परत दिला आणि पुस्तकात डोकं घातलं. ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी इंद्रजीत बेरीज करत होता. “पूर्ण समाधानी एकही नाही?”

“एक होता. मीच फाडला.”

त्यानं मान वर करून पाहिलं आणि शून्य लिहिलं.

सोमवारी संध्यानं अर्ज ग्रंथपाल सुलेखा मॅडमपुढं ठेवला. “तारीख गेल्या वर्षीची आहे,” त्या म्हणाल्या.

“उशीर माझ्याकडून झाला, मॅडम.”

दिवाळीनंतर ग्रंथालय रविवारी दहा ते दोन उघडू लागलं. पहिल्या रविवारी पाच जण आले. कडुबा सरांना त्या दिवशी निवडणुकीची ड्यूटी लागली होती. ते पुढच्या रविवारी आले. संध्या दारातच होती.

“उघडलं म्हणायचं,” ते म्हणाले आणि आत गेले.