जोडीदाराची सही

चौथ्या मजल्यावर बाई खाली वाकल्या, मुळीच न सुटलेली बुटाची लेस त्यांनी सोडली आणि सावकाश पुन्हा बांधायला घेतली.

"परत सुटली?" मिस्त्रींनी विचारलं. कठड्याला रेलून ते उभे होते. दोन शब्दांच्या मध्ये त्यांनी एक श्वास चोरून घेतला, तो बाईंना नीट ऐकू आला.

"काय करू, मेली गुळगुळीतच आहे."

बाईंनी गाठ मारली, ती मनाला आली नाही म्हणून सोडली, परत मारली. कान मात्र मागे होते. नवऱ्याचा श्वास ताळ्यावर आल्यावरच त्या उठल्या.

"चला."

डोंगरातल्या त्या सरोवराला जायला वीस दिवस उरले होते. चौदा हजार फुटांवरचं ते सरोवर बाईंनी एकतीस वर्षं भूगोलाच्या तासाला नकाशावर दाखवलं होतं. छडीच्या टोकानं तिथला निळा ठिपका पार पुसट झाला होता. निवृत्तीनंतर मिस्त्री एके दिवशी आपणहून म्हणाले, "जाऊन बघूनच येऊ तुझा ठिपका," आणि त्या रात्री बाईंना आनंदानं झोप लागली नाही. डॉक्टरांनी दोघांनाही तपासून परवानगी दिली. फक्त सांगितलं, सावकाश चढा, थांबत थांबत. तेव्हापासून रोज संध्याकाळी आठ मजले. मिस्त्रींच्या पाठीवरच्या पिशवीत त्यांची हत्यारांची पेटी असायची. वजन हवंच, मग ओळखीचं का नको, असं त्यांचं म्हणणं.

सहाव्या मजल्यावर रोजच्यासारखं दार किलकिलं झालं आणि पोस्टमास्तरांचं डोकं बाहेर आलं.

"लिफ्ट पुन्हा बंद का हो?"

मिस्त्रींचा चेहरा पडला. या इमारतीची लिफ्ट तीस वर्षं त्यांनीच सांभाळली होती.

"लिफ्ट ठणठणीत आहे," ते म्हणाले, आणि तेवढ्या तीन शब्दांसाठी त्यांना कठडा धरावा लागला.

बाई लगेच खाली वाकल्या. दुसऱ्या बुटाची लेस.

घरी आल्यावर मुलीचा फोन आला. "आई, बाबांच्या सहलीच्या फॉर्मवर अजून तुझी सही राहिलीय. उद्या संध्याकाळपर्यंत पाठव गं, नाहीतर तुमच्या जागा दुसऱ्यांना जातील."

फॉर्म जेवणाच्या टेबलावरच होता. बाकीचं सगळं भरून झालं होतं. शेवटी एक ओळ होती: माझा जोडीदार स्वतःला होणारा त्रास लपवत नाही, हे मी खात्रीनं सांगतो/सांगते. खाली जोडीदाराची सही. बाईंच्या फॉर्मवर मिस्त्रींनी न वाचताच झोकदार सही ठोकली होती. मिस्त्रींच्या फॉर्मवरची जागा आठवडाभर कोरी होती.

सहल नेणारी तरुणी फोनवर स्पष्टच बोलली होती. "काकू, वर पायांपेक्षा तोंड महत्त्वाचं. दम लागला, डोकं दुखलं, की लगेच सांगायचं. सांगितलं तर मी माणसाला थोडं खाली आणते, बरं वाटतं. लपवलं तर उचलून आणावं लागतं, आणि कधी कधी उशीर झालेला असतो."

आणि हा माणूस! दोन वर्षांपूर्वी 'साधा खोकला आहे' म्हणत यानं न्यूमोनिया अंगावर काढला होता. कामावर, एका इमारतीच्या लिफ्टच्या मशीनखोलीत कोसळला, तेव्हा बाईंना कळवलं ते त्या इमारतीच्या पहारेकऱ्यानं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "तुला कशाला त्रास म्हणून..." बाईंना तेव्हा इतका राग आला होता की रडूसुद्धा आलं नाही.

त्यांनी पेन उचललं. आयुष्यात एकदाही त्यांनी कुणाची खोटी हजेरी मांडली नव्हती. आणि खरं सांगायचं तर गेले तीन आठवडे दर मजल्यावर लेस सोडून त्या स्वतःच नवऱ्याच्या लपवालपवीत सामील होत्या. इथे जिन्यात ठीक होतं. तिथे बर्फात, हातमोजे घालून, दर पन्नास पावलांवर कोणती लेस बांधणार होत्या त्या? नवरा हवा होता, ठिपका नसला तरी चालणार होता. पण ठिपका सोडून द्यायलाही मन धजेना. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि निजायला गेल्या.

सकाळी उठून बघतात तर मिस्त्री घरात नव्हते. फॉर्म होता तिथेच होता, पण त्यावर मिस्त्रींचा वाचायचा चष्मा उघडाच पडला होता. बाईंनी तो घडी घालून बाजूला ठेवला.

दुपारी मिस्त्री आले ते काखेत एक खोकं घेऊन.

"घालून बघ. मापाचे आहेत."

बाईंनी झाकण काढलं. करड्या रंगाचे, जाड तळव्याचे बूट. लेस नव्हत्या. दोन रुंद पट्टे, दाबले की चिकटणारे.

"माझे चांगले आहेत की अजून," बाई पुटपुटल्या.

"त्यांच्या लेस फार सुटतात," मिस्त्री खिडकीबाहेर बघत म्हणाले.

संध्याकाळी बाईंनी फॉर्मची घडी घालून कमरेला खोचली. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. दोघं चढायला लागले. चौथा मजला आला. बाईंचा हात सवयीनं खाली गेला, पट्ट्यावर टेकला आणि रिकामाच वर आला. मिस्त्री चढतच राहिले. पाचवा आला. पेटीतली हत्यारं पायरीपायरीला खुळखुळत होती. श्वास आता लपण्यासारखा उरला नव्हता. बाईंनी ओठ दाबून धरले. आपण बोलायचं नाही. काही झालं तरी आज आपण बोलायचं नाही.

सहाव्या मजल्याला दोन पायऱ्या उरल्या होत्या.

"अगं," मिस्त्री म्हणाले.

बाई वळल्या.

"थांबूया जरा." त्यांनी पिशवी उतरवली आणि पायरीवर बसकण मारली. "दम लागलाय मला. चांगलाच. चौथ्यापासूनच लागतो."

छत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य बाई पहिल्यांदा ऐकत होत्या. त्या त्यांच्या शेजारी बसल्या. डोळे भरून आले, ते पदरानं टिपायचंही त्यांना सुचलं नाही. मिस्त्री तोंड उघडं टाकून, कुणाचीही लाज न बाळगता, मोठमोठ्यानं श्वास घेत होते.

वरचं दार किलकिलं झालं.

"लिफ्ट पुन्हा बंद का हो?"

"नाही हो," बाई कमरेचा कागद काढून गुडघ्यावर सरळ करत म्हणाल्या. "लिफ्ट ठणठणीत आहे. तुमच्याकडे पेन असेल का जरा?"