खिसा रिकामा, काम पुरं

मी एका डांगरीचा खिसा बोलतोय. उजव्या मांडीवरचा. फौजेत गाड्या दुरुस्त करणारे जवान गळ्यापासून घोट्यापर्यंत जो एकसंध पोशाख घालतात, त्याला डांगरी म्हणतात. माझ्या डांगरीला एकूण सहा खिसे आहेत. बाकीचे पाच मला भाऊ असले तरी कामाचा म्हणावा असा मी एकटाच. हे मी फुशारकीने सांगत नाही, अनुभवाने सांगतो.

छातीवरचा खिसा बघायला बरा. पण माणूस इंजिनावर वाकला की त्यातली वस्तू थेट इंजिनात पडते. मागचे दोन तर माणूस ट्रकखाली उताणा झोपला की त्याच्याच वजनाखाली दबून जातात. कमरेच्या खिशांत हात घालायचा तर अंग वळवावं लागतं, आणि ट्रकखाली अंग वळवायला जागा कुठे असते? मी मात्र मांडीवर जरासा पुढच्या अंगाला आहे. झोपल्या झोपल्या, न बघता, हात सरळ माझ्यात येतो. तोंड एवढं रुंद की हातमोज्यासकट पंजा मावावा. वर झाकण, झाकणाला मोठं बटण. तळाशी सुईने पाडल्यासारखी दोन बारीक भोकं, पाणी आणि वाळू निघून जायला. आणि मुख्य म्हणजे मी एकपदरी. मला उलटा केला की माझ्यात काही लपून राहत नाही.

ज्याने मला बेतलं तो शिंपी मला माहीत नाही, पण तो कधीतरी ट्रकखाली झोपला असणार.

माझा मालक नाईक मंगेश, विजयदुर्गचा. वीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये त्याने गाड्या खोलल्या आणि जोडल्या. तिथल्या उस्तादाने त्याला पहिल्याच आठवड्यात एक नियम शिकवला होता. जे काही खोलशील, नट असो, वॉशर असो, पिन असो, ते या एकाच खिशात टाकायचं. जोडून झालं की खिसा उलटा करायचा. रिकामा निघाला तरच गाडी चालू करायची. खिसा रिकामा, काम पुरं.

हा नियम मंगेशच्या हातात इतका मुरला की घरी जेवून उठतानाही तो मांडी चाचपायचा. सहा वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला आणि मला घेऊन गावी आला. इथे ट्रक कुठले! इथे होड्या आणि त्यांची इंजिनं. पण लोखंड ते लोखंड. महिन्याभरात लोक म्हणू लागले, फौजी मिस्त्रीने हात लावला की बघावं लागत नाही. मी मनात म्हणायचो, बघावं लागत नाही कारण मी आहे.

गर्व करू नये म्हणतात ते उगाच नाही.

नारळी पौर्णिमा होऊन गेली, होड्या पाण्यात गेल्या. मंगेशची बायको संचिता मला धूत होती, तेव्हा तिची नजर माझ्या तळाच्या भोकांवर गेली. ती नेटकी बाई. फाटलेलं तिला खपत नाही.

"वीस वर्सां फौजेत रवले आणि खिशाक भोकां! कोन बघीत तर काय म्हनात?" असं पुटपुटत ती सुई-दोरा घेऊन बसली. जुन्या साडीचा गुळगुळीत तुकडा काढला आणि मला आतून अस्तर लावलं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? टाके सुंदर होते. फक्त वरच्या एका कोपऱ्याशी दोन बोटांएवढी फट राहिली. त्या मऊ अस्तराने मी खूश झालो, हेही कबूल करतो.

दोन दिवसांनी लवूने हाक मारली. लवू म्हणजे मंगेशच्या शाळेपासूनचा सोबती. त्याच्या होडीच्या पंख्यात जाळं गुरफटलं होतं. होडी वाळूवर ओढलेली, भरती चढत आलेली. मंगेशने पंख्याची पिन काढली, नट काढला, दोन्ही न बघता माझ्यात टाकले. नट नेहमीसारखा तळाशी बसला. पिन मात्र त्या फटीतून सरकली आणि अस्तराच्या मागे गेली.

जाळं कापून झालं. पंखा बसवला, नट आवळला. तेवढ्यात लवू ओरडला, "मंगेश, आटप रे, पानी इला!" मंगेशने मला उलटा केला. साडीचं अस्तर बाहेर आलं, स्वच्छ आणि रिकामं. पिन लावली की नाही हे त्याला आठवत नसणार, पण माझी साक्ष होती ना. त्याने नटाकडे पाहिलं नाही. होडीला खांदा लावला.

ती पिन नसली की नट हादऱ्यांनी हळूहळू सैल होतो, आणि मग पंखा समुद्रात. मला हे माहीत होतं, आणि मी रिकामा असल्याचं सांगून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे लवू आणि त्याचा जावई प्रीतम समुद्रात गेले. वारा उलटा होता.

दहाच्या सुमारास संचिताने मला धुण्याच्या दगडावर आपटलं आणि टक्‌ असा आवाज झाला. तिने चाचपून पाहिलं. कोपऱ्यातून बोट घातलं, पिन काढली.

"ह्या काय ओ? तुमच्या खिशात गावला."

मंगेशने पिन बघितली. मग माझं अस्तर बघितलं. लवूला फोन लावला, लागला नाही. ओली डांगरी तशीच अंगात चढवली, पिन माझ्यात टाकली आणि बंदराकडे धावला. मी त्याच्या मांडीवर थपथप आपटत होतो.

बंदरावर दहा-बारा माणसं होती, त्यांत आपल्या होडीपाशी उभा असलेला भाईही. लवूची बायको रुक्मिणीही टोपली घेऊन उभी होती. दुसरं काही कारण सांगून होडी मागता आली असती. मंगेश सगळ्यांसमोर म्हणाला, "भाई, होडी काढ. माझ्याकडसून चूक झाली. लवूच्या पंख्याची पिन माझ्याकडेच रवली."

रुक्मिणीच्या हातातली टोपली खाली पडली. भाईने दोरी सोडली. होडी निघाल्यावर तो हळूच म्हणाला, "सगळ्यांसमोर कित्या सांगलंस?"

"मी नाय सांगलंय तर कोन सांगतलो?"

किल्ल्याच्या पलीकडे लवूची होडी दिसली. पंखा गेला होता. दोघं वल्ही मारत होते, आणि लाट त्यांना खडकांकडे ढकलत होती. प्रीतमच्या तळव्यांची सालं निघाली होती. भाईने दोर फेकला. दोन वेळा चुकला, तिसऱ्यांदा प्रीतमच्या हाती लागला. तो दोर बांधून भाईने त्यांची होडी बंदरात ओढून आणली.

घरी संचिता उंबऱ्यात बसली होती. "ती भोकां मी बुजवलंय," ती म्हणाली. "लोकांका कित्या नाय सांगलात?"

"टाके तुझे," मंगेश म्हणाला. "पन नटाकडे बघूचा काम माझा हुता."

तिने ब्लेडने एकेक टाका उसवला. मला दुखलं नाही. मला लाज वाटत होती. ज्याने माझ्यावर डोळे मिटून भरवसा टाकला, त्याला मी भरल्या पोटी रिकामा दिसलो.

चार दिवस मंगेशकडे कुणी काम आणलं नाही. पाचव्या दिवशी लवू आला, हातात नवा पंखा.

"तूच बसय," तो म्हणाला. "पन मगे तुझो खिसो माका बघूक दी."

मंगेशने पंखा बसवला, नट आवळला, पिन लावली, नटाकडे बघितलं. मग उठून दोन्ही हात बाजूला धरून उभा राहिला. लवूने माझ्यात हात घातला, कोपरे चाचपले, मला उलटा केला. तोपर्यंत मंगेशने हात खाली घेतले नाहीत.

आता मी पुष्कळ विटलोय. काठ विरलेत, बटण दुसऱ्या रंगाचं आहे. तळाची भोकं उघडी आहेत आणि त्यातून वाळू गळते, गळू दे. वाचकहो, खिशाची हौस करा, पण त्याच्या शब्दावर होडी पाण्यात सोडू नका. आणि कुणी तुमचा खिसा तपासायला हात पुढे केला तर रागावू नका.

लवू आजही प्रत्येक कामानंतर मला तपासतो. मंगेश हात बाजूला धरून उभा राहतो. मग लवू झाकणाचं बटण स्वतःच्या हाताने लावतो, मांडीवर एक थाप मारतो आणि होडीत चढतो.