पितळी नट

गाडीने आठवडाभर घरातल्या कोणालाही धड जेवू दिलं नव्हतं. सासरेबुवांचा मुलगा शाळेत होता तेव्हापासून ती मागच्या शेडमध्ये उभी होती. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी बाळंतपणं उरकली होती आणि इंजिन आतून गंजून घट्ट बसलं होतं. सासरेबुवांनी मात्र तिची आशा सोडली नव्हती. मागच्या महिन्यात इंजिन फिरवायचं हँडल जोर लावताना सटकलं, त्यांचं मनगट टम्म सुजलं आणि मुलाचा धीर सुटला.

"रविवारी तुमच्या हाताने सुरू करून दाखवा," तो म्हणाला, "नाही तर सोमवारी भंगारवाला. हात बघा बाबा, चहाचा कप धरवत नाही तुम्हाला."

दुसरं काहीही बोलला असता तरी चाललं असतं. हातावर आल्यावर सासरेबुवा पेटले. "दाखवतो," म्हणाले, आणि सुनेला दिवा धरायला घेऊन गेले.

सूनबाई आधी दिवा धरायलाच गेली होती. पण म्हाताऱ्याच्या नादाला लागलं की माणूस कामाला लागतो. तिने प्लग काढले, त्या भोकांतून आत तेल सोडलं, ते मुरेपर्यंत वाट पाहिली आणि सासऱ्यांच्या देखरेखीखाली हँडल केसाकेसाने हलवत इंजिन मोकळं केलं. ते पहिल्यांदा पूर्ण फिरलं तेव्हा दोघंही लहान मुलांसारखी हसली होती. वाटेत शिव्याही पुष्कळ खाल्ल्या होत्या तिने. सगळ्यात जास्त फडक्यावरून. इंजिनाचं कुठलंही भोक उघडं दिसलं की आधी त्यात फडकं कोंबायचं, मगच पाना हातात घ्यायचा, असा सासरेबुवांचा दंडक. "उघडं भोक आणि उघडं तोंड, दोन्हीत नको ते जातं," असं ते दिवसातून दहादा ऐकवत.

नवी बॅटरीही जोडून झाली. रविवारी फक्त कार्बोरेटर बसवायचा राहिला होता. "तो मीच बसवणार," सासरेबुवा म्हणाले. मुलगा दारात हाताची घडी घालून उभा होता. बापाच्या पाठीआड त्याला बोटं दिसत नव्हती, पण पाठीवर रोखलेल्या त्याच्या नजरेने ती आणखीच थरथरू लागली. घाईघाईत त्यांनी इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडातलं फडकं उपसलं, बाजूला टाकलं आणि नट उचलला.

नट निसटला. टिक्, असा बारीक आवाज झाला आणि तो नळीत गेला.

सूनबाईने तो ऐकला. सासरेबुवांनी मान वर केली नाही. डब्यातून दुसरा नट घेतला, कार्बोरेटर बसवला, आवळला. यांना कळलंच नाही, तिला वाटलं. इंजिन हवा ओढेल, हवेबरोबर नट आत जाईल, आणि पहिल्याच दणक्यात आतलं सगळं मोडून बसेल. आणि सांगावं, तर कोणाच्या हातून पडला हेही सांगावं लागणार. दारातला माणूस नेमकं तेच ऐकायला टपून बसला होता. इकडे आड, तिकडे विहीर!

सासरेबुवा गाडीत बसले. त्यांनी किल्लीला हात घातला.

"थांबा!" ती किंचाळलीच. "नट पडलाय आत. माझ्या हातून पडला!"

"अगं, तुला कोणी मध्ये हात घालायला सांगितलं होतं?" मुलगा भडकला. "एवढं करून मातीत घातलंस सगळं!"

सासरेबुवा किल्लीवरचा हात न काढता तिच्याकडे बघत राहिले. मग खाली उतरले. "कार्बोरेटर काढ," एवढंच म्हणाले.

तिने तो काढला. नट पितळी, त्यामुळे लोहचुंबकाचा उपयोग शून्य. तारेच्या टोकाला ग्रीसचा गोळा लावून तिने तार नळीत सोडली. नट टोकाला चिकटला, अर्ध्या वाटेवर आला आणि सुटला. कुठे गेला ते दिसेना. आणखी पुढे घसरला असेल तर सगळं इंजिन उघडावं लागणार होतं. घाम तिच्या डोळ्यांत उतरला. पुसायला हात मोकळा नव्हता. तिने पुन्हा तार घातली, नळीच्या वळणावर टोक दाबून धरलं आणि श्वाससुद्धा न घेता वर ओढलं. ग्रीसने माखलेला नट तिच्या तळहातावर पडला.

या खेपेला कार्बोरेटरही तिनेच बसवला. कोणी हरकत घेतली नाही.

सासरेबुवांनी पुन्हा गाडीत बसून किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, गप्प झालं. पुन्हा खोकलं. मागून काळा धूर निघाला, पत्रे हादरले आणि गाडी धडधडत सुरू झाली. मुलाने घडी घातलेले हात सोडले. हसू आवरता आवरेना त्याला.

सूनबाई आनंदाने गाडीच्या खिडकीशी धावली. सासरेबुवा हसत नव्हते.

"आवाज मीही ऐकला होता," ते हळूच म्हणाले.

"ऐकला होता? आणि तरी किल्लीला हात घातलात?"

"हात हरले म्हणजे उद्या गाडी जाणारच होती. म्हटलं, मोडली तर मोडली, एकदा आवाज तरी ऐकू."

तिला असा संताप आला! नवऱ्यासमोर स्वतःचं नाक कापून घेतलं होतं तिने, ते यासाठी? ती तोंड उघडणार तोच सासरेबुवांनी इंजिन बंद केलं आणि मुलाला जवळ बोलावलं. तिने मानेने नको नको म्हटलं, पण त्यांनी तिकडे पाहिलंच नाही.

"नट माझ्या हातून पडला," ते म्हणाले. "हिने खोटं सांगितलं. तुझं बरोबर होतं, हातांत राम राहिला नाही. आता बोलव कोणाला बोलवायचं ते."

मुलाने बॉनेटवर हात ठेवला. मघाचा सगळा तोरा उतरला होता त्याचा.

"भंगारवाल्याला नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला. "पण बाबा, यापुढे हात हिचे. तुम्ही नुसतं सांगायचं."

सासरेबुवांनी मान हलवली. गाडीत बसताना तिच्या हातून घेतलेला पाना अजून त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी तो उचलून सुनेपुढे धरला. तिने घेतला, पण त्यांची बोटं त्यावरून लगेच सुटली नाहीत. तिनेही ओढला नाही.