झाकणाच्या आतलं नाव

मी एक जुना कॅमेरा हाय, मित्रांनो. लाकडी, हँडल फिरवायचा, तीन पायांवर उभा ऱ्हाणारा. आता गेवराईजवळच्या दूध सोसायटीत कपाटावर बसलोय, पन जन्म माझा रशियातला. खोटं बोललो तर माझी काच तडको!

तिथं थंडी आशी, की चुलीतला जाळबी घोंगडं मागायचा. त्या थंडीत मला ओल्गाबाई भेटली. तवा सिनेमा मुका व्हता, आन् काढणारे समदे बाप्ये. ही बाई सिनेमा कंपनीच्या शेठकडं नटांचे कपडे शिवायची. एक दिस म्हणली, "शेठ, एक सिनेमा मला काढू द्या."

शेठ हसला. "सुई धर बाई, सुई. नट तुझं ऐकतेल व्हय?"

"न्हाई ऐकलं तर सुई हायेच की!"

शेठनं एकच सिनेमा दिला. पडला, तर जलमभर शिवणकाम. पयल्याच दिवशी कॅमेरावाला फणफणला, "बाईच्या हुकमानं मी हँडल फिरवणार न्हाई," आन् गेला निघून. मग बाईनंच माझं हँडल धरलं. ते एका लयीत फिरवावं लागतं, मित्रांनो. हात हळू पडला, की पडद्यावर माणसं पळत सुटतात. म्हणून बाई गाणं गुणगुणत फिरवायची, तुमची आजी जात्यावर ओवी म्हणती तशी.

शेवटचा देखावा मयताचा. बर्फ पडत व्हतं. बाईचा हात आखडला, गाणं मंदावलं. सिनेमा लागला तवा पडद्यावर मयत घेऊन समदे धूम पळाले! रडायला आलेले लोक हसून हसून बाकावरून पडले. ओल्गाबाईनं कपाळाला हात लावला. पन दुसऱ्या दिवशी तेच लोक सासूला घेऊन परत आले!

मग काय, वर्षानुवर्षं आमी सिनेमे काढले. एकात तर तिनं घोड्याला लाजायला लावलं. मी सोता पायलं! पन सिनेमाच्या पाटीवर नाव दर वेळी शेठचं. "बाईचं नाव बघून तिकीट कोन काढंल?" म्हणायचा. एक दिस तिनं केसातला आकडा काढला आन् माझ्या झाकणाच्या आतून सोताचं नाव कोरलं. "हितं कोनी पुसणार न्हाई," म्हणली.

पुढं सिनेमाला वाचा फुटली, बाई म्हातारी झाली, मी अडगळीत पडलो. मग कुण्या घाईच्या माणसानं मला हिंदुस्थानात निघालेल्या ट्रॅक्टरच्या सामानाच्या खोक्यात कोंबलं, आन् मी निघालो बीडला.

हितं दुष्काळ. गावच्या शेतकी सोसायटीचे चेअरमन आप्पाराव खोकं उघडून बघतच ऱ्हायले. "म्हाळू, ह्ये ट्रॅक्टरला कुठं बसवायचं बे?"

म्हाळू मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "हँडल हाय, म्हंजी स्टार्टर आसंल."

दोन दिस मला ट्रॅक्टरला जोडत व्हते! शेवटी वैतागून भिवराबाईला दिलं, दुधाचे कॅन टेकवायला. ह्या भिवराबाईनं दुष्काळी चारा छावणीतल्या गायांचं दूध गोळा करून बायकांची दूध सोसायटी उभी केलती. पन दारावरच्या पाटीवर नाव नवऱ्याचं, रामकिसनचं. तो सोसायटीत निस्ता च्या प्यायला यायचा.

एक दिस मला पुसताना तिनं झाकण उघडलं. "मंजुळा, ह्ये काय कोरलंय गं?"

"कारखान्याचं नाव आसंल," संगं दूध मोजणारी मंजुळाबाई म्हणली.

"कारखाना आसा लपून लिव्हतो व्हय? आन् ह्ये केसातल्या आकड्यानं कोरलंय, बाईचंच नाव हाय हे!"

भिवराबाईनं दारावरच्या रामकिसनच्या नावाकडं बघितलं. मग उठली आन् दारावरची पाटीच उतरवली.

"माझं नाव काय वंगाळ हाय काय?" रामकिसन वरडला.

"लई गोड हाय. म्हणून तर तुमच्या च्याच्या कपावर लिव्हते!"

समद्या बाया खदखदून हसल्या. सांजच्याला पाटीवर भिवराबाईचं नाव झळकलं. मग तिनंबी केसातला आकडा काढला आन् ओल्गाबाईच्या नावाखाली आपलं नाव कोरलं.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूला आडगळ म्हणू नका. मला पुसा, कधी हँडल फिरवा, वर एखादं गाणं म्हणा. झाकण मात्र हळू उघडा, आन् आतल्या नावांवर फडकं मारू नका. त्यांच्या खाली आजून लई जागा हाय.